टाच नसलेलं पाऊल

वेदिका खोटं बोलते आहे, हे वाडीत सगळ्यांत आधी लवूने सांगितलं आणि सगळ्यांत उशिरा मला पटलं. पण पटलं, हे खरं. ते लपवून ही गोष्ट सांगण्यात अर्थ नाही.

आमची वाडी रत्नागिरीच्या अलीकडे, सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. शाळा सुटली की वाडीतली सात-आठ मुलं माझ्या पडवीत दप्तरं टाकतात. मी त्यांचा अभ्यास घेते. अभ्यास संपला की त्यांना जे विचारायचं असेल ते विचारू देते. वेदिका त्यांतलीच, अकरा वर्षांची, सहावीत. वडील बोटीवर, वर्षातले नऊ महिने समुद्रात. आई सगुणा काजूच्या कारखान्यात सकाळी जाते ती दिवेलागणीला येते. घर चालतं ते आजोबांच्या, म्हणजे भागोजींच्या शब्दाने.

वेदिका पायाळू आहे. जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले. आमच्याकडे पाठीत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय तीनदा पाठीला लावून घेतात. वेदिका तीन वर्षांची असल्यापासून भागोजींच्या ओटीवर माणसं येतात, पालथी पडतात, ती पाय लावते. पैसे कोणी देत नाही, भागोजी घेणारही नाहीत. जाताना उंबऱ्याशी एक नारळ ठेवतात, एवढंच. त्या नारळाचं भागोजींना काही नाही, पण माझ्या दारातून कोण परत गेला नाय, हे वाक्य त्यांच्या तोंडून मी शंभर वेळा तरी ऐकलं असेल.

नोव्हेंबरात लवू परत गेला.

लवू टेम्पो चालवतो. सिमेंटच्या गोणी उतरवताना त्याची पाठ धरली. वाकडा होऊन, एक हात कमरेवर ठेवून तो भागोजींच्या ओटीवर आला आणि चटईवर पालथा पडला. वेदिका आतून आली, त्याच्याकडे बघितलं, पाय दुखतोय म्हणाली आणि पुन्हा आत गेली. भागोजींनी दोन हाका मारल्या. ती आली नाही. लवूला तसाच वाकडा परत जावं लागलं. तो आठ दिवस अंथरुणात होता, आणि ते आठही दिवस त्याचं तोंड मात्र चांगलं चालत होतं. पोरीच्या पायाला आता भाव आला, पुढच्या वेळी नंबर लावून जायला हवं, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता.

खरी अडचण वेगळीच होती. नवरात्र संपल्यापासून शाळेत खो-खोचा सराव सुरू झाला होता. महिनाअखेरीला चिपळूणला जिल्ह्याच्या संघाची निवड होती. शाळेतून चार मुली जायच्या होत्या आणि त्यांत वेदिकाचं नाव पहिलं होतं. पालकांच्या सहीचं संमतीपत्र शुक्रवारपर्यंत द्यायचं होतं. वडील बोटीवर, तेव्हा सही आजोबांची. आणि भागोजी म्हणाले, सही नाही.

"पाय लावायला दुखतो नि पळायला नाय दुखत?" त्यांनी मला विचारलं. "असा कुठचा दुखणा, बाई? तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच सांगा."

मला सांगता येईना. कारण मलाही तोच प्रश्न पडला होता.

घरी वेदिका लंगडत होती, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. संध्याकाळी ओटीच्या पायऱ्या चढताना डावा पाय जपून टाकायची. सगुणा कामावरून आली की कोमट तेल लावून टाच जोरजोरात रगडायची, आणि वेदिका दात-ओठ खात बसायची. पण तिच्याच शाळेतली अक्षया माझ्या वर्गात सांगत होती की शाळेत ती सगळ्यांना आउट करते. टाच सुजली नव्हती, लाल नव्हती, कुठे खरचटलेलंही नव्हतं. सराव नसला की दुखणंही नसायचं. असलं सोयीने येणारं-जाणारं दुखणं मी शाळेत शिकवत असताना पुष्कळ बघितलं होतं. गणिताच्या पेपराच्या दिवशी पोटात येतं ते.

आणि मला एक गोष्ट माहीत होती, जी दुसऱ्या कोणाला माहीत नव्हती. उन्हाळ्यात आंब्याच्या पेट्यांचे दिवस होते, पाठी धरलेली माणसं रोजच यायची. तेव्हा एकदा वर्ग संपल्यावर वेदिका मागे रेंगाळली होती. मोठी माणसं शर्ट वर करून पालथी पडतात आणि सगळे बघत बसतात, ते मला आता नको वाटतं, असं म्हणाली होती. मी आजोबांशी बोलेन, असं तिला सांगितलं होतं. बोलले नाही. भागोजींच्या अभिमानाला हात घालायचा धीर झाला नाही आणि पुढे पाऊस लागला, माणसं यायची कमी झाली, मी विसरले.

म्हणजे पोरीला खोटं बोलायला कारण होतं. कारण असलं की संशयाला पाय फुटतात. गुरुवारी मी काहीतरी निमित्त काढून शाळेकडे गेले आणि खिचडीच्या शेडमागे उभी राहिले. ह्या वयात असं लपून बघायचं म्हणजे लाजच, पण बघितलं. वेदिका पळत होती. अनवाणी, कातळाच्या त्या कडक मैदानावर, खांबाला वळसा घालताना तर जमिनीला हात टेकेपर्यंत वाकत होती. लंगडणं कुठे नव्हतं. सुटल्यावर मी तिच्या मागे अंतर राखून चालले. पाण्याच्या टाकीपर्यंत ती मुलींबरोबर सरळ गेली. वाडीचं वळण आलं आणि डावा पाय जपून पडायला लागला.

त्या वळणावर मला पटलं.

वाडीत आले तर भागोजींच्या ओटीवर लवू उभा. पाठ बरी झाली होती. तो सल्ला द्यायला आला होता. "खरा दुखत असंल तर बिब्बा घाला, दोन दिवसांत पळंल. खोटा असंल तर बिब्बा बघूनच पळंल," तो म्हणाला आणि स्वतःच हसला.

भागोजी हसले नाहीत. बाजारातून आणलेले चार बिब्बे त्यांच्या खिशात होतेच. बिब्बा म्हणजे ते काळं फळ. तापवून त्याचं तेल टाचेला लावतात. मोठ्या माणसाची निबर कातडीसुद्धा त्याने भाजते, फोड येतात. अकरा वर्षांच्या टाचेचं काय होईल, ते मला कळत होतं. मी एवढंच म्हटलं की उद्या संध्याकाळपर्यंत थांबा, खरं-खोटं मी काढून घेते. त्यांनी मान हलवली. शुक्रवारचा दिवस माझ्या हातात होता.

मुलाला खोटं बोलताना धरायचं असेल तर त्याला विचारू नये. विचारलं की ते सावध होतं. त्याला खेळात घ्यावं.

शुक्रवारी मी पडवीत पाण्याची बादली ठेवली आणि मुलांना सांगितलं की आज पायाचा धडा. एकेकाने पाय भिजवायचे आणि कोरड्या कोब्यावरून पडवीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. मग उमटलेली पावलं बघायची. कोणाच्या पावलाला मधे खाच पडते, तिथे पायाची कमान उचललेली असते. कोणाचं पाऊल सगळंच्या सगळं उमटतं.

रेहान आणि अमन हे जुळे नाहीत, चुलत भाऊ आहेत, पण भांडतात जुळ्यांसारखे. अमनचं पाऊल सपाट उमटलं.

"बाई, ह्याचा पाय नाय, भाकरी हाय," रेहान म्हणाला.

"तुझा अर्धाच उमटला. अर्धा कुणी खाल्ला?" अमन म्हणाला.

मी अमनला चवड्यांवर उभं राहायला लावलं. तसं केल्यावर त्याच्या तळव्यालाही कमान आली, ती मुलांना वाकून वाकून बघायला लावली. सपाट पाऊल म्हणजे रोग नाही, दुखत नसेल आणि चवड्यावर उभं राहिल्यावर कमान येत असेल तर त्याची काळजी करायची नाही, हे सांगितलं. पायात सव्वीस हाडं असतात हे सांगितल्यावर अक्षया स्वतःच्या पायाची बोटं मोजायला लागली. सगळे हसत होते. वेदिकाही हसत होती. तिची पाळी आली, तिने पाय भिजवले आणि गप्पा मारत ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. लंगडली नाही. तिच्या पायांकडे कोणाचं लक्षच नव्हतं, माझ्याशिवाय.

सापडली, असं मी मनात म्हटलं. मग खाली बघितलं.

उजवं पाऊल पुरतं उमटलं होतं. बोटं, चवडा, बाहेरची कड, टाच. डावं पाऊल म्हणजे पाच बोटं, चवडा, आणि पुढे काही नाही. आठ पावलं होती डावी. आठांतल्या एकालाही टाच नव्हती.

मी त्या ओल्या खुणा वाळेपर्यंत बघत उभी राहिले. नाटक करणारं मूल कोणी बघत असलं की लंगडतं. ही लंगडत नव्हती. ती फक्त टाच खाली टेकू देत नव्हती, हसतानासुद्धा, आणि ते तिचं तिलाही माहीत नव्हतं.

बाकीच्या मुलांना मी घरी पाठवलं. वेदिकाला पायरीवर बसवलं, तिची डावी टाच दोन्ही तळव्यांमध्ये धरली आणि दोन्ही बाजूंनी हलकेच दाबली. तिने पाय ओढून घेतला. उजवी टाच तशीच दाबली, तर तिला गुदगुल्या झाल्या.

शाळेतही दुखतं का, मी विचारलं.

"रोज दुखतं."

"मग पळतेस कशी?"

"पळताना टाच कुठे टेकते, बाई?" ती म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "वाडीच्या वळणापर्यंत शाळेच्या मुली बरोबर असतात. सरांना कळलं तर ते मला संघातून काढतील. तुम्ही सांगू नका."

म्हणजे ती खोटं बोलत होती, हे खरंच होतं. आम्ही सगळ्यांनी तिला उलट्या बाजूने धरलं होतं. घरचं लंगडणं खरं होतं. शाळेतलं न लंगडणं खोटं होतं.

सांगणार नाही, असं वचन मी दिलं नाही. उठले आणि भागोजींकडे गेले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पडवीत पाणी ओतून मी काय बघितलं, हे त्यांना फारसं पटलं नाही. तुम्ही तिच्या बाजूच्या, असं म्हणाले. मी म्हटलं, शहरात दाखवू. तस्नीम नावाची माझी एक विद्यार्थिनी गाडीतळाजवळ फिजिओथेरपीचा दवाखाना चालवते. म्हणजे ती पण तुमच्याच बाजूची, असं म्हणाले. पण यायला तयार झाले. टाचेचा एक्स-रेचा फोटो काढू दे, फोटोत काय ते दिसेल, मग कोणी मला शहाणपण शिकवायला नको, असं त्यांचं म्हणणं. बिब्बे त्यांनी खिशातच ठेवले. शाळेत मी निरोप पाठवला, संमतीपत्र सोमवारी येईल म्हणून.

शनिवारी सकाळी आम्ही तिघं एसटीने गेलो. तस्नीमने वेदिकाला चवड्यांवर उभं केलं, एका पायावर उभं केलं, घोटा वर-खाली वाकवून बघितला, पोटरी चाचपली आणि शेवटी टाच दोन्ही बाजूंनी दाबली. वेदिकाने पुन्हा पाय ओढला. पडलीस का, पाय मुरगळला होता का, ताप येतो का, दुखण्याने झोपेतून जाग येते का, असं तिने एकेक करून विचारलं. सगळ्याला उत्तर नाही.

मग तिने भागोजींना समजावलं. ह्या वयात टाचेचं हाड वाढत असतं आणि त्याचा मागचा भाग अजून पक्का झालेला नसतो, नुकत्या घातलेल्या कोब्यासारखा. पोटरीची जाड शीर नेमकी तिथेच बांधलेली असते. उंची भराभर वाढली की ती शीर आखूड पडते आणि त्या कच्च्या जागेला ओढत राहते. त्यात पावसाळ्यानंतर मैदान दगडासारखं होतं आणि त्यावर रोज दीड तास अनवाणी उड्या. पळून झाल्यावर दुखतं, विश्रांती घेतली की थांबतं. पुष्कळ मुलांना होतं आणि हाड पक्कं झालं की कायमचं जातं.

"फोटो काढा," भागोजी म्हणाले.

आज गरज नाही, तस्नीम म्हणाली. फोटोत बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. सूज आली, ताप आला, झोपेत दुखायला लागलं किंवा पाय टेकवेनासा झाला, तर लगेच हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं आणि फोटो काढायचा.

"दिसत नाय, सुजत नाय, कदी दुखतो, कदी नाय दुखत. असा कसा?" भागोजींनी माझ्याकडे बघितलं. मी तस्नीमला आधीच फोन करून पढवलं आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

तस्नीम शांतपणे म्हणाली, "आजोबा, तुम्ही मघाशी बाकावरून उठलात तेव्हा पहिली चार पावलं भिंतीला धरून टाकलीत. नंतर सरळ चाललात. सकाळी अंथरुणातून उठलं की टाचेखाली खिळा टोचल्यासारखं होतं ना?"

भागोजींनी पाय मागे ओढून घेतला.

"आणि थोडं चाललं की कमी होतं?"

"ह्या तुला कोणी सांगितला? बाईंनी?"

मला ठाऊकच नव्हतं. सगुणालाही नव्हतं. किती दिवस होतंय, असं तस्नीमने तीनदा विचारल्यावर ते दीड वर्ष म्हणाले.

"म्हणजे आजोबा नाटक करतात," वेदिका म्हणाली.

मला वाटलं, आता रागावतील. ते आपल्या चपलांकडे बघत राहिले. झिजून कागदासारख्या झालेल्या चपला. तुमचं दुखणं वेगळं, तळव्याखालच्या पट्ट्याचं आहे, असं तस्नीमने त्यांना सांगितलं. पण अनवाणी चालायचं नाही आणि पोटरीचा ताण काढायचा, हे दोघांना सारखंच. भिंतीला हात टेकायचे, एक पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, मागचा गुडघा सरळ, आणि पुढे झुकून तीसपर्यंत मोजायचं. सकाळ-संध्याकाळ तीन-तीन वेळा. पोरीच्या चपलेत टाचेखाली मऊ गादी घालायची, दुखेल तेव्हा फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं बर्फ. तेल लावून रगडणं बंद. बिब्बा तर घरात ठेवायचासुद्धा नाही.

"आणि पळणं?" वेदिकाने विचारलं.

चार आठवडे बंद, तस्नीम म्हणाली. नंतर हळूहळू.

चिपळूणची निवड सात दिवसांवर होती.

वेदिका तस्नीमकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. "मी सांगितलं होतं ना, सांगू नका," ती म्हणाली. एसटीत ती आमच्यापासून लांब, खिडकीशी बसली.

उतरल्यावर भागोजींनी संमतीपत्र मागितलं. ओटीवर बसून, कागद मांडीवर ठेवून, त्यांनी सावकाश सही केली आणि तो वेदिकाच्या हातात दिला. "मी अडवायचा नाय. तू ठरव," म्हणाले. मला हे काही आवडलं नाही. अकरा वर्षांच्या पोरीवर एवढं सोपवायचं म्हणजे ती पळणारच, हे मी धरून चालले. सोमवारी संध्याकाळपर्यंत मला दुसरं काही सुचलं नाही.

संध्याकाळी अक्षयाने बातमी आणली. वेदिकाने संमतीपत्र दिलंच नव्हतं. सरांसमोर उभी राहिली आणि महिनाभर टाच दुखते आहे, चिपळूणला जमणार नाही, एवढंच म्हणाली. सरांचा विश्वास बसेना. काल-परवापर्यंत पळत होतीस, आज अचानक कोणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं. तिने सरांना टाच दाबून बघायला सांगितली. सरांनी दाबली, मग मैदानाच्या कडेला सावलीत बसवलं. तिच्या जागी दुसरी मुलगी गेली. त्या आठवड्यात वेदिका माझ्या वर्गाला आली, पण माझ्याशी बोलली नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी त्यांच्याकडे डोकावले. आजोबा आणि नात दोघंही घराच्या भिंतीला हात टेकून, एकेक पाय मागे टाकून झुकलेले. वेदिका मोठ्याने मोजत होती आणि आजोबांची टाच उचलली की पुन्हा एकपासून सुरू करत होती. तेवढ्यात लवू आला, पुन्हा वाकडा, पुन्हा एक हात कमरेवर.

"काय ओ, भिंत पडतेय की काय?" तो म्हणाला.

भागोजी वळले. पोरीची टाच खरंच आजारी आहे, शहरात दाखवून आलो, असं त्यांनी त्याला सांगितलं. लवूने तिच्या पायाकडे बघितलं, चपलेतल्या जाड गादीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"डावा ना दुखतो? मग उजवा लाव, बाय. उजव्याला काय झाला?"

भागोजींनी वेदिकाच्या उजव्या पायाकडे बघितलं. मी तोंड उघडणार होते, उन्हाळ्यात जे बोलायचं राहिलं होतं ते बोलणार होते. पण वेदिका आधी बोलली.

"उजव्याला काही नाही झालं," ती म्हणाली. "पण मला नाही लावायचा. डावा दुखत नसता तरी मी लावला नसता."

लवू भागोजींकडे बघत होता. भागोजी माझ्याकडे.

"ह्या तुम्ही शिकवलात?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही, ते मला दिसत होतं. मग लवूला म्हणाले, "ऐकलास ना? गाडीतळाजवळ ती तस्नीम बसते. तिच्याकडे जा. माझा नाव सांग."

लवू काहीतरी पुटपुटत, कमर धरून, पायऱ्या उतरून गेला. भागोजींनी पुन्हा भिंतीला हात टेकले. वेदिका एकपासून मोजायला लागली. तीस होईपर्यंत त्यांनी टाच उचलली नाही, पण मान वळवून दोनदा माझ्याकडे बघितलं.